चौथ्या प्रकरणापाशी थांबलेले विद्यार्थी : डेटाबेसवर चालणारी वेबसाइट शिकवणाऱ्या पुस्तकांविषयी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांना दिलेली उत्तरे घेतली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'नवशिक्याने डेटाबेसवर चालणारी वेबसाइट कशी बनवावी'. मी त्यांना म्हटलं, ते मी सांगणार नाही. ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत, मराठीतही आहेत, आणि माझ्यापेक्षा बरं सांगतात. मला बोलायचंय ते या शिकवण्याबद्दलच. आपल्याकडे कवितासंग्रहाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं. संगणकाच्या पुस्तकाची समीक्षा कोणी करत नाही, कारण ते तीन-चार वर्षांत जुनं होऊन रद्दीत जातं. पुस्तक जातं हे खरं, पण त्यातून हाताला लागलेल्या सवयी राहतात. आणि त्या सवयींनी बनवलेल्या याद्या, नोंदी, सभासदांची नावं तर पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त काळ राहतात. म्हणून आजचा हा खटाटोप.

समोर ग्रंथालयाची मंडळी आहेत, कॉलेजची मुलं आहेत. ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधी वेबसाइट म्हणजे सूचनाफलकावर चिकटवलेला कागद. मजकूर बदलायचा तर नवा कागद चिकटवा. डेटाबेसवर चालणारी वेबसाइट म्हणजे खिडकीत बसलेला कारकून. तुम्ही विचारलंत की तो आतल्या वहीत बघतो आणि तुमच्यापुरता कागद तिथल्या तिथे लिहून देतो. वही म्हणजे डेटाबेस. कारकून म्हणजे पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम. आणि वहीकडे काही मागायचं असेल तर त्याला ज्या भाषेत मागावं लागतं ती एसक्यूएल. झालं, एवढंच.

मी एक पुस्तक समोर ठेवून बोलणार आहे. केविन यँक यांचं 'बिल्ड युवर ओन डेटाबेस ड्रिव्हन वेबसाइट यूजिंग पीएचपी अँड मायएसक्यूएल'. मेलबर्नच्या साइटपॉइंट प्रकाशनाने ते २००१ साली काढलं. त्याआधी ते त्यांच्या संकेतस्थळावर लेखमाला म्हणून आलं होतं. पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत नाव बदलून 'नॉव्हिस टू निंजा' झालं, आणि २०१७ ची सहावी आवृत्ती टॉम बटलर यांनी लिहिली. हेच पुस्तक का? एक तर मी ते खरोखर हातांनी करत करत वाचलंय. दुसरं म्हणजे या जातीच्या पुस्तकांत ते चांगलं आहे. वाईट पुस्तकाला झोडपण्यात काय हशील? चांगल्या पुस्तकात जे राहून जातं ते त्या सगळ्या परंपरेतच राहून गेलेलं असतं.

त्या काळाचा विचार करा. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी लोकांसाठी खुलं केलं ते स्वतःच्या होमपेजसाठी बनवलेली छोटी हत्यारं म्हणून. मायएसक्यूएल स्वीडनचं. दोन्ही फुकट. एखाद्या मुलाकडे जुना पीसी आणि थोडी चिकाटी असली की तो विनाखर्च ती वही आणि तो कारकून घरी बसवू शकत होता. हे त्याआधी शक्य नव्हतं हो. मोठे डेटाबेस बँकांकडे, विमा कंपन्यांकडे असायचे, आणि त्यांची परवान्याची किंमत ऐकूनच माणूस खाली बसायचा.

यँकसाहेबांनी काय केलं, तर संपूर्ण पुस्तकभर एकच उदाहरण घेतलं: विनोदांची वेबसाइट. एक टेबल, त्यात तीन रकाने. विनोदाचा क्रमांक, विनोद, आणि तो कधी टाकला ती तारीख. पहिला विनोद कोंबडीने रस्ता का ओलांडला, हा. (हशा) हसू नका, विनोद फालतू आहे हीच त्याची सोय आहे. वाचणाऱ्याला उदाहरण समजून घ्यायला काही मेहनत पडत नाही, सगळं लक्ष तंत्रावर राहतं.

आता पुस्तकाची बांधणी बघा, माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. पहिल्या प्रकरणात सगळं मशीनवर बसवायचं. दुसऱ्यात मायएसक्यूएलची ओळख. तिसऱ्यात पीएचपीची. चौथ्या प्रकरणात दोन्ही जोडायची, आणि चौथं संपतं तेव्हा तुमच्या ब्राउझरमध्ये विनोदांची यादी दिसते, खाली एक चौकट असते, तिच्यात नवा विनोद लिहून बटण दाबलं की तो यादीत येतो. मंडळी, तो क्षण फार मोठा असतो. मी रात्री दीड वाजता घरच्यांना उठवून दाखवलं होतं. आईने डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाली, छान आहे, आता झोप.

आणि पाचवं प्रकरण काय आहे? रिलेशनल डेटाबेसची रचना. म्हणजे वही कशी आखायची. विनोद कोणाचा हे नोंदवायचंय म्हणून लेखकाचं नाव आणि ईमेल असे दोन रकाने त्याच टेबलात वाढवले, की काय काय बिघडतं ते यँक दाखवतात. एकाच माणसाचं नाव दोनदा, दोन तऱ्हांनी पडतं. त्याचा ईमेल बदलला की दहा ओळी बदलाव्या लागतात. त्याचा शेवटचा विनोद काढला की माणूसच वहीतून नाहीसा होतो. मग ते लेखकांचं टेबल वेगळं काढतात, विनोदाच्या ओळीत फक्त लेखकाचा क्रमांक ठेवतात. पुढे एक विनोद अनेक प्रकारांत बसतो म्हणून दोघांना जोडणारं तिसरं टेबल येतं. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना जो निबंध लिहिला, ज्याच्यावर ही सगळी इमारत उभी आहे, त्याचा गाभा या प्रकरणात गणिताचं एकही चिन्ह न वापरता येतो. नवशिक्यांसाठी लिहिलेलं इतकं स्वच्छ प्रकरण मी क्वचित वाचलंय.

पण ते पाचवं आहे. आणि चौथ्याच्या शेवटी वेबसाइट चालू झालेली असते.

माझ्या ओळखीच्या, माझ्या पिढीच्या पोरांमध्ये चौथ्यापर्यंत सगळे पोचले. पाचवं मन लावून केलेले मी हाताच्या बोटांवर मोजीन, आणि त्यात मी नव्हतो. मी ते 'वाचलं' होतं. समजलंही होतं. पण हातात चालती वेबसाइट आल्यावर वही कशी आखावी हे कोण शिकत बसतो! स्वयंपाक जमला, लोक जेवायला बसले, आणि आता कोणी सांगतंय की धान्य कोठीत कसं भरावं.

याच्या बरोबर उलट टोकाला आपली विद्यापीठाची पुस्तकं. सिल्बरशात्झ आणि कॉर्थ यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स', ज्यात पुढे आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक एस. सुदर्शन सहलेखक झाले. एल्मासरी आणि नवाथे यांचं 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स'. ही भक्कम पुस्तकं आहेत. त्यांत आखणी आधी येते, पानंच्या पानं येते. आपली मुलं नॉर्मल फॉर्म पाठ करतात, पहिला, दुसरा, तिसरा, बॉइस-कॉड. परीक्षेत आठ मार्क घेतात. पण त्यांना एक ओळ वहीतून काढून ब्राउझरवर दाखवा म्हटलं तर येत नाही. म्हणजे एकाला गाडी चालवता येते पण नकाशा वाचता येत नाही, आणि दुसऱ्याला नकाशा तोंडपाठ, पण तो गाडीत कधी बसलेलाच नाही. वर्ग मात्र दोन्ही भरलेले.

एल्मासरी-नवाथेंचं एक उदाहरण जाता जाता सांगतो, कारण ते मला फार बोलकं वाटतं. त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या टेबलात नावाचे तीन भाग आहेत: पहिलं नाव, मधलं आद्याक्षर, आडनाव. मधल्याला जागा एका अक्षराची. अमेरिकन नावाला ते चालतं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि गावात तीन 'संतोष पाटील' असतील तर माणूस ओळखला जातो तो त्या मधल्या नावावरूनच. हा पुस्तकाचा दोष म्हणता येणार नाही, ते त्यांच्या देशातल्या कर्मचाऱ्याचं टेबल आहे. पण आपण ते उदाहरण जसंच्या तसं फळ्यावर उतरवतो, हा आपला दोष नक्की आहे.

आता माझी गोष्ट. वसई तालुक्यातल्या एका वाचनालयासाठी मी अशी वेबसाइट बनवली. साल २००६ च्या आसपास. पैसे नव्हते मिळाले, चहा भरपूर मिळाला. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी, देवघेव. मी घरच्या पीसीवर सगळं तपासलं. पाटील टाकून बघितलं, जोशी, म्हात्रे, नाईक. उत्तम चाललं. आठवड्याने ग्रंथपालकाकांचा फोन. म्हणाले, "अरे, तुझं मशीन डिसोझांना घेत नाहीये."

वसई कोणाला माहीत असेल तर लगेच लक्षात येईल. पोर्तुगीज दोनशे वर्षं तिथे होते, १७३९ पर्यंत. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्व्हा ही तिथली घराघरातली आडनावं. देवनागरीत लिहिली तर काही अडचण नाही. रोमनमध्ये लिहिताना मात्र 'डी' नंतर वर एक छोटी शेपटी येते, अपॉस्ट्रॉफी. आणि एसक्यूएलमध्ये तीच शेपटी, मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगायला वापरतात. कारकून वहीला सांगतो, "नाव लिही, शेपटी, डी, शेपटी..." वही म्हणते संपलं नाव, 'डी'. आणि पुढचं 'सोझा' ही काय नवी आज्ञा? ती कळत नाही, म्हणून सगळंच नाकारते.

घरी ते का सापडलं नसतं, तेही ऐका. त्या वेळच्या पीएचपीमध्ये 'मॅजिक कोट्स' नावाची एक सोय होती. बाहेरून येणाऱ्या मजकुरातल्या प्रत्येक शेपटीला ती गुपचूप एक खूण लावायची, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. माझ्या घरच्या पीसीवर ही सोय चालू होती. सर्व्हरवर बंद होती. म्हणजे मी घरी डिसोझा टाकून बघितलं असतं तरी चाललंच असतं! शिकणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून त्याच्या चुका न सांगता सुधारणारी सोय ही फार घातक. पुढे पीएचपीवाल्यांनीच ती २०१२ साली ५.४ मध्ये काढून टाकली.

पण मला खरी सांगायचीय ती माझी चूक ही नव्हे. काकांचा फोन आल्यावर मी त्यांना काय सांगितलं? म्हटलं, काका, ती शेपटी टाकू नका, मी नंतर बघतो.

आणि मी दोन वर्षं बघितलं नाही.

त्या दोन वर्षांत काउंटरवर जो बसेल त्याने आपापल्या परीने मार्ग काढला. कोणी 'डी' आणि 'सोझा' मध्ये जागा सोडून लिहिलं, कोणी जोडून. एकाने 'डे सोझा' केलं. एकच बाई तीनदा सभासद झाल्या, तीन अनामत रकमा दिसू लागल्या, आणि त्यांनी परत केलेलं पुस्तक त्यांच्या दुसऱ्या नावावर थकीत दिसत राहिलं. त्यांना वाचनालयाचं पत्र गेलं. त्या पत्र घेऊन आल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "माझं नाव तरी नीट लिहा." काकांनी ते मला सांगितलं तेव्हा मी कोड दुरुस्त केला. पाच मिनिटं लागली. वही दुरुस्त करायला सात महिने लागले.

बघा, हे पुस्तकात नसतं. पान चुकलं तर पान बदलता येतं. उद्या पीएचपी टाकून दुसरं काही आणा, जुनं पान कोणाला आठवणारही नाही. पण चुकीच्या पानाने वहीत जे लिहून ठेवलेलं असतं ते तसंच राहतं, आणि नवं पान त्यालाच खरं धरून चालतं. विनोदांच्या वेबसाइटवर हे कळायला मार्गच नाही. विनोद तीनदा पडला तर कोणाचं काय जातं? कोंबडी काही पत्र घेऊन येत नाही. (हशा)

या शेपटीच्या प्रकाराला संगणकाच्या जगात मोठं नाव आहे, एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'फ्रॅक' या हॅकरमंडळींच्या नियतकालिकात त्याचं पहिलं जाहीर वर्णन आलं. म्हणजे नावातच आज्ञा लपवून पाठवायची. तुम्ही कारकुनाला मजकूर सांगताय आणि मध्येच म्हणालात, "आणि मागची सगळी पानं फाडून टाक," आणि तो ते लिहून घेण्याऐवजी खरोखर फाडायला लागला, तसं. २००७ साली 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालेत त्यावर एक प्रसिद्ध चित्र आलं, मुलाच्या नावातच टेबल उडवायची आज्ञा घालणाऱ्या आईचं. तेव्हापासून प्रत्येक वर्गात ते दाखवतात. चित्र झकास आहे. पण त्यामुळे एक समज पक्का झाला की हा प्रश्न हल्लेखोरांचा आहे. मग शिकणारा म्हणतो, माझ्या छोट्या वाचनालयावर कोण हल्ला करतंय? खरंच, कोणी करत नाही. पण डिसोझा हल्लेखोर नाहीत ना! त्या फक्त सभासद व्हायला आल्यात. हा धडा सुरक्षेच्या प्रकरणात न घालता नाव कसं नोंदवावं या पहिल्याच प्रकरणात घातला असता, तर जास्त मुलांच्या डोक्यात शिरला असता असं माझं मत आहे.

यँक यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चौथ्या प्रकरणातला कोड विनोदाचा मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात घालतो. तेव्हाची सगळीच पुस्तकं तसं करत. २०१२ च्या आवृत्तीत पीडीओ आलं, म्हणजे आधी रिकामा छापील फॉर्म वहीकडे पाठवायचा आणि भरायचा मजकूर वेगळा पाठवायचा. मग मजकुरात काहीही असो, तो मजकूरच राहतो. ही सोय पीएचपीमध्ये २००५ पासून, ५.१ पासून होती. पुस्तकाने ती सात वर्षांनी घेतली. घेतली हे कौतुकाचंच. पण दरम्यान जुना कोड पसरला होता. पीएचपीने जुनी पद्धत २०१५ च्या अखेरीस, आवृत्ती ७ मध्ये, कायमची काढली, तेव्हा किती वेबसाइट एका रात्रीत बंद पडल्या असतील ते ज्यांचे फोन वाजले त्यांना विचारा.

आणि हे केवळ एका पुस्तकाचं नाही. २०१७ मध्ये काही संशोधकांनी एक अभ्यास केला. वर दिसणारे लोकप्रिय ट्युटोरियल घेतले, त्यांतले सदोष तुकडे शोधले, आणि गिटहबवरचे चौसष्ट हजारांहून जास्त पीएचपी प्रकल्प चाळले. त्या तुकड्यांशी घट्ट साम्य असणाऱ्या ११७ त्रुटी सापडल्या. चौसष्ट हजारांत ११७ हा आकडा तुम्हाला लहान वाटेल. मला त्यात वेगळंच दिसतं. धड्यातली ओळ जशीच्या तशी उचलून लोकांनी खऱ्या कामात लावली, हे त्यात दिसतं. धडा लिहिणाऱ्याच्या मनात तो धडा असतो. वाचणाऱ्याच्या मनात ते सामान असतं.

आणखी एक उदाहरण, पुसण्याचं. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक आव्हान दिलं होतं: प्रत्येक विनोदापुढे 'हा विनोद काढा' अशी लिंक द्या. साधी लिंक. दाबली की ओळ गेली, विचारणं नाही, काही नाही. आता लिंकवर माणूसच जातो असं नाही. २००५ साली गूगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' काढलं होतं. वापरणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून ते पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. त्याने काही वेबसाइटांवरच्या 'डिलीट'च्या लिंकाही इमानेइतबारे उघडल्या, आणि लोकांचा मजकूर गेला. नंतरच्या आवृत्त्यांत यँक यांनी लिंकच्या जागी बटण आणलं. तांत्रिक चूक सुधारली. पण 'काढून टाका' ही गोष्ट नवशिक्याला चौथ्या प्रकरणातच हातात द्यावी का, हा प्रश्न तसाच राहिला. समोरची ग्रंथपाल मंडळी सांगतील. दाखल नोंदवहीत चूक झाली तर तुम्ही काय करता? पांढरी शाई लावता? नाही. एक आडवी रेघ मारता, वर नीट लिहिता, सही करता. पुस्तक हरवलं तरी दाखल क्रमांक पुसत नाही, शेऱ्यात 'गहाळ' लिहिता. शेकडो वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांनी शिकवलेली ही रीत आहे, आणि तिला डेटाबेसच्या पहिल्या धड्यात जागाच नाही. बॅकअपचं प्रकरण पुस्तकात आहे, चांगलं आहे, पण तेही बऱ्याच पुढे.

मराठीचं सांगतो आणि आवरतो, वेळ होत आली. मायएसक्यूएलमध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर तो मजकूर 'लॅटिन-वन' धरायचा आणि क्रम स्वीडिश नियमाने लावायचा, कंपनी तिकडची म्हणून. हे २०१८ पर्यंत, आवृत्ती ८ येईपर्यंत चाललं. मराठी अक्षरं त्यात टाकली की प्रश्नचिन्हं. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत येत नाही, ते गेलंच. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना सुरुवातीला हा प्रश्न पडलाच नाही, आणि नंतरच्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ आलं. पण माझ्याकडे याहून बारीक गंमत झाली. कपाटाच्या चिठ्ठीसाठी मी छोट्या शीर्षकाचा एक रकाना ठेवला होता, जागा ३०. माझ्या मते तीस अक्षरं. सर्व्हरवरच्या जुन्या मायएसक्यूएलच्या मते तीस बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे दहा चिन्हं झाली की कात्री, आणि तीही न सांगता. 'ज्ञानेश्वरी'त चिन्हं किती? मोजा घरी जाऊन, अकरा. शेवटची वेलांटी तुटली आणि कपाटाच्या चिठ्ठीवर छापून आलं 'ज्ञानेश्वर'. बाकीची कापलेली नावं वेडीवाकडी दिसायची म्हणून सापडली. हे इतकं शहाण्यासारखं दिसत होतं की वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. एका वाचकाने विचारलं, "हे चरित्र कोणी लिहिलंय?" तेव्हा कळलं.

तर या पुस्तकाबद्दल माझं मत विचाराल तर मी आजही ते नवशिक्याच्या हातात देईन, नवी आवृत्ती. पण चौथं प्रकरण करू देणार नाही. तिसऱ्यावरून त्याला पाचव्यावर नेईन, आणि कोंबडीच्या ऐवजी त्याच्या आळीतल्या पंचवीस खऱ्या माणसांची यादी कागदावर करायला लावीन, त्यांना विचारून. मग म्हणेन, आता मागे फिर आणि चौथं कर.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील दोन.)

एका विद्यार्थिनीचा प्रश्न : सर, आता एआय सगळा कोड लिहून देतं, आणि ते प्रिपेअर्ड स्टेटमेंटही वापरतं. मग हे सगळं शिकायची गरज आहे का?

बरोबर आहे तुझं. मीही वापरतो. शेपटीची चूक आता सहसा होत नाही, फ्रेमवर्कही ती होऊ देत नाहीत. पण तू त्याला सांग, "वाचनालयासाठी पुस्तकांचं टेबल बनव." मी मुद्दाम करून बघितलं. मला त्याने 'लेखक' असा एक रकाना दिला, मजकुराचा. कोंबडीच्या टेबलासारखाच. मग त्यात 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.', 'पु.ल.' असे तीन लेखक होणार. मी म्हटलं, एका पुस्तकाला दोन लेखक असतात, संपादक असतो, अनुवादक असतो. लगेच त्याने तीन टेबलं काढून दिली, अगदी यँक यांच्या पाचव्या प्रकरणासारखी, तक्रार न करता. म्हणजे त्याला येतं. पण अनुवादक असतो हे त्याला मी सांगितलं, आणि मला ते काकांनी सांगितलं होतं, पुस्तक हातात धरून.

एका ग्रंथपालांचा प्रश्न : त्या चुकलेल्या नावांचं पुढे काय केलंत?

कोडने काही होण्यासारखं नव्हतं. 'डी सोझा' आणि 'डे सोझा' ही एकच बाई की जावा-जावा, हे मशीनला कसं कळणार? एका पत्त्यावर दोन्ही नावं होती. शेवटी काकांनी काउंटरवर एक शंभरपानी वही ठेवली. सभासद आला की विचारायचं, "तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता?" आणि त्यालाच लिहायला सांगायचं. सात महिने चाललं ते. बहुतेकांनी शेपटी घालून लिहिलं. काहींनी नाही घातली, म्हणाले आम्ही आता अशीच सही करतो, बँकेतही तसंच आहे. एक आजोबा म्हणाले, दोन्ही लिहा. त्यासाठी मी टेबलात एक रकाना वाढवला. ती वही अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहे.